जुनी गाडी, नवा रस्ता

जुन्या वस्तूंच्या बाबतींत आपल्या समाजांत दोन पक्ष नेहमींच आढळतात. एक पक्ष म्हणतो, वाडवडिलांनीं जें जसें ठेवलें तें तसेंच राहूं द्यावें. त्यास हात लावणें म्हणजे तें बिघडविणें होय. दुसरा म्हणतो, ज्याचा काळ गेला तें अडगळींत टाकावें व नवें आणावें. दोन्ही पक्षांस विचाराचे श्रम पडत नाहींत, म्हणून दोन्ही लोकप्रिय आहेत. परंतु आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणून एक तिसरा मार्ग फार पूर्वींपासून चालत आलेला आहे. देवळाची ओळख कायम राखून जो दगड भार सोसेनासा झाला तेवढाच बदलावयाचा, हा त्याचा अर्थ. अडचण एवढीच कीं, कोणता दगड बदलावा व कोणता राखावा हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाचें आम्हांस पटलेलें उत्तर एका अमेरिकन मालमोटारीच्या पुढच्या आंसापाशीं सांपडलें असें म्हटल्यास वाचकांस हंसूं येईल. पण वस्तुस्थिति तशी आहे खरी.

कांहीं महिने आम्ही व सौ. कॅलिफोर्नियांत सॅन होजे येथें पुतण्याकडे राहिलों होतों. त्याच्या दारीं १९५६ सालची फोर्ड कंपनीची ‘एफ-१००’ नांवाची पिकअप आहे. म्हणजे पुढें दोघांतिघांस बसण्यापुरती बंदिस्त जागा व मागें सामानासाठीं उघडा हौदा असलेली गाडी. पुतण्यानें ती पुष्कळ वर्षांपूर्वीं घेतली. रविवारीं ती धुणें, पुसणें, गल्लींतून एक फेरी मारून आणणें, एवढाच तिचा उपयोग. त्याच्या मुलीचें, म्हणजे आमच्या नातीचें, बाळपण त्या गाडीच्या हौद्यांत गेलें. तिला सांता क्रूझ येथील विद्यापीठांत प्रवेश मिळाला, आणि आठवड्यांतून तीन दिवस आपण याच गाडीनें जाऊं येऊं, असा तिनें हट्ट धरला.

सांता क्रूझ म्हणजे आपल्या मुंबईचें नव्हे; पॅसिफिक महासागराच्या कांठचें तें गांव. सॅन होजेहून तेथें जाण्याचा सतरा क्रमांकाचा रस्ता मध्यें डोंगर ओलांडून जातो. खिंड सुमारें १८०० फूट उंचीवर आहे. वळणें जवळजवळ, चढउतार तीव्र, दोन्ही दिशांस दोन दोन रांगा, आणि सकाळीं सगळेच घाईंत. आपल्या बोरघाटाची आठवण व्हावी असा तो मार्ग आहे. सूनबाईंनीं एका वाक्यांत निकाल दिला, “त्या खटाऱ्यांत माझी मुलगी घाट उतरणार नाहीं.” पुतण्यानें अधिक जोराचें इंजिन बसविण्याकरितां कांहीं पैसा बाजूस ठेवला होता, तेवढें केलें कीं गाडी चढावर दमणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. दोन दिवस घरांत अबोला राहिला. मग पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीच काय तें सांगा.” वडीलकीचा मान मिळाला, पण विषय कळल्याशिवाय निवाडा देणें आम्हांस प्रशस्त वाटेना. तेव्हां आम्ही मोटारखान्यांत एक खुर्ची मांडली व गाडी समजून घेऊं लागलों.

पहिली गोष्ट जी आमच्या ध्यानांत आली ती इतिहासाची. ही गाडी १९५६ सालची. आणि त्याच वर्षीं, २९ जून १९५६ रोजीं, अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. पुढें त्या देशांत जे हजारों मैलांचे रुंद व वेगवान रस्ते झाले त्यांचा आरंभ तेथून धरतात. म्हणजे जी गाडी शेतावरून गांवांत व गांवांतून शेतावर जाण्यासाठीं घडविली गेली, तिच्या जन्मवर्षींच तिच्या पायांखालचा रस्ता बदलावयास लागला. गाडींत दोष नव्हता. ती आपल्या काळच्या रस्त्यास अनुरूप होती. पण ज्या रस्त्यासाठीं ती झाली तो राहिला नाहीं, आणि जो आला तो तिनें मागितलेला नव्हता.

आतां तिच्या पुढच्या आंसाची रचना पाहूं. आपल्या बैलगाडीस जसा एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एक अखंड आंस असतो तसाच या गाडीच्या पुढें एक जाड पोलादी आंस आहे. संस्कृतांतील ‘अक्ष’ व इंग्रजींतील ‘अ‍ॅक्सल’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. तो आंस पाट्यांच्या दोन कमानींवर टेकलेला असतो व त्याच्या टोकांना किंगपिन नांवाच्या उभ्या खिळ्यांभोवतीं चाकें वळतात. रचना साधी व दणकट आहे. तिचा स्वभाव मात्र असा कीं, डावें चाक खड्ड्यांत गेलें कीं उजवें चाक जागचें न हलतां कलतें. एकाचें दुःख दुसऱ्यास भोगावें लागतें. ताशीं तीस मैलांवर हें जाणवत नाहीं. साठ मैलांवर, वळणावर, त्याच क्षणीं चाकाची दिशा बदलूं लागते.

तथापि आंसावर सगळें खापर फोडणें न्याय्य होणार नाहीं. गाडी रस्त्यावर भरकटते म्हणून लोक आंसास शिव्या देतात. पुष्कळदां दोष झिजलेल्या किंगपिनांचा, त्यांच्या बुशांचा किंवा ढिल्या स्टीअरिंग पेटीचा असतो. गाडी उचलून भक्कम घोडीवर टेकवावी, चाक वर व खालीं धरून हलवावें; खडखड झाली तर झीज कोठें आहे तें शोधावें. आमच्या पुतण्यानें तेंच आधीं केलें. किंगपिन झिजलेले निघालेच. ते बदलून, तोच आंस ठेवून, चाकांवर नवे ब्रेक बसविणें हाहि एक प्रतिष्ठित मार्ग आहे, आणि ज्यांस गाडी मुख्यतः सपाटीवर व मंद चालवावयाची आहे त्यांस तोच पुरेसा होय.

पण आंसापेक्षांहि ब्रेकांचें प्रकरण अधिक गंभीर होतें. या गाडीच्या चारी चाकांस ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबलें म्हणजे बैठकीच्या तळाखालीं असलेल्या मास्टर सिलिंडरांत तेलावर दाब पडतो. तो दाब नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातो. तेथें दोन अर्धचंद्राकृति शू बाहेर फांकून फिरत्या ड्रमास आंतून घांसतात. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. त्याच्यावर एका घाटांत आपल्या मुलीचा जीव टांगलेला असतो, हें मात्र शाळेंत सुचत नाहीं.

ब्रेक गाडी थांबवितो म्हणजे काय करतो? तो गतीचें रूपांतर उष्णतेंत करतो. दीड टनाची गाडी ताशीं साठ मैलांवरून एकदां पूर्ण थांबली, तर जी उष्णता निघते तींत सुमारें दीड लिटर गार पाण्यास उकळी आणण्याइतकी शक्ति असते. वेग दुप्पट झाला तर ही शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते. घाटांत हा प्रयोग एकदां नव्हे, वळणावळणास होतो. ड्रम तापला कीं प्रसरण पावून शूंपासून दूर जातो. पेडल खालीं खालीं जाऊं लागतें. लायनरची पकड सुटत जाते. डिस्क ब्रेकांत उलट आहे. तेथें उघड्यावर फिरणारी चकती दोन बाजूंनीं चिमट्यासारखी पकडली जाते. तिला वारा लागतो, आणि ती तापून फुगली तरी पॅडांकडेच सरकते. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वार गाड्या असेच ब्रेक लावून जिंकल्या, तेव्हां जगाचें लक्ष या चकतीकडे वेधलें.

हें सगळें पुतण्या आम्हांस समजावून देत असतां नात एका बाजूस उभी होती. तिनें गाडीखालीं वांकून पाहिलें व विचारलें, “बाबा, पुढच्या आणि मागच्या चाकांना तेल एकाच सिलिंडरांतून जातं ना? मग एक नळी फुटली तर?” पुतण्या थोडा थांबला. उत्तर त्यास ठाऊक होतें; पण तें मुलीसमोर उच्चारण्याची वेळ पूर्वीं आली नव्हती. नळी एकच फुटली तरी दाब सगळाच जातो, आणि मग उरतो तो मागल्या चाकांचा हातब्रेक. अमेरिकन सरकारनें १९६८ पासून नव्या मोटारींस पुढचा व मागचा असे दोन स्वतंत्र ब्रेकमार्ग सक्तीचे केले ते याच कारणास्तव. सूनबाई दारांतून ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्या रात्रीं इंजिनाचा पैसा ब्रेकांकडे व आंसाकडे वळला. त्यासाठीं आम्हांस निवाडा द्यावा लागलाच नाहीं.

पुतण्याचा एक स्नेही जुन्या गाड्यांचा मोठा शोकी. तो म्हणाला, “हा आंस काढलात कीं गाडी छप्पन्न सालची राहिली नाहीं.” त्याचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. अशा अविकृत गाड्या दिवसेंदिवस कमी होत आहेत, व एकदां कापलेली चौकट पुनः पहिल्यासारखी होत नाहीं. जी गाडी संग्रहालयांत किंवा प्रदर्शनांत राहणार तिला हात लावूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. पण जी लोकांच्या रस्त्यावर येणार, तिच्या बाबतींत प्रश्न केवळ मालकाच्या आवडीचा उरत नाहीं. समोरून येणाऱ्याच्या जिवाचाहि होतो. शिवाय फोर्ड कंपनीनेंच १९६५ सालीं या जातीच्या गाड्यांतून तो एकसंध आंस काढून प्रत्येक चाकास वेगळी दांडी दिली. म्हणजे जनकानेंच जें बदललें तें बदलण्यांत पाप नाहीं.

मग प्रत्यक्ष काम सुरू झालें. या गाड्यांत तेथें सर्रास बसवितात ती रचना फोर्डच्याच ‘मस्टँग टू’ या १९७४ ते १९७८ सालच्या लहान मोटारीवरून घेतलेली आहे. तींत एक आडवी तुळई गाडीच्या चौकटीस जोडतात. तिच्या दोन्ही अंगांस वर आंखूड व खालीं लांब अशा दोन भुजा असतात. त्यांच्यामध्यें गुंडाळी स्प्रिंग व धक्काशोषक. चाकें वळविण्यास जुन्या पेटीऐवजीं दांतेरी पट्टी व दांतेरी चाक. मूळ मोटार हलकी होती. म्हणून पिकअपसाठीं विकत मिळणारे संच अधिक जाड पत्र्याचे व रुंद भुजांचे असावे लागतात. स्वस्त संच व मजबूत संच यांतला भेद येथें पैशांत दिसतो, घाटांत प्राणांत दिसतो.

आमचें कुतूहल जागें झालें तें मापें घेतांना. आम्हांस वाटलें होतें कीं हें काम हातोड्याचें व ठिणग्यांचें. पण पहिले चार दिवस केवळ भूमितीचे गेले. जुना आंस काढण्यापूर्वीं त्याच्या मध्यावरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा केल्या. चौकट सर्व बाजूंनीं टेकवून, गाडी रस्त्यावर ज्या कलानें उभी राहणार त्याच कलांत बसविली. समोरासमोरच्या कोंपऱ्यांमधील कर्ण मोजले. दोन्ही समान आले तेव्हांच पुढें गेले. त्या काळची चौकट पन्हळीसारखी तीन बाजूंची असते. तिची चौथी बाजू पोलादी पट्ट्यांनीं बंद करून ती पेटीसारखी भक्कम केली, कारण नव्या भुजांचा जोर आतां तुळईवाटे एकाच जागीं येणार होता. जोड देण्यास मात्र परवानाधारक वेल्डर बोलाविला. पुतण्या स्वतः हौसेनें बरेंच कांहीं करतो. पण जेथें जोड तुटला तर चाक निखळेल तेथें हौस चालत नाहीं, एवढा विवेक त्यानें दाखविला याचें आम्हांस समाधान वाटलें.

ब्रेकांकडे पुढें डिस्क आल्या, मागें ड्रमच राहिले. एकेरी सिलिंडराऐवजीं दोन कप्प्यांचा सिलिंडर बसला. एक कप्पा पुढच्यांस, एक मागच्यांस. म्हणजे एक मार्ग फुटला तरी दुसरा जागा राहील. हा सिलिंडर बैठकीखालीं, चाकांच्या ब्रेकांहून खालच्या पातळीवर असल्यामुळें तेल मागें उतरूं नये म्हणून नळ्यांत लहान झडपा घालाव्या लागतात. डिस्ककडे चौरस इंचास २ पौंड व ड्रमकडे १० पौंड दाब त्या धरून ठेवतात. आणखी एक झडप मागल्या चाकांचा दाब मर्यादित करते. गाडी थांबतांना भार पुढें झुकतो, मागलीं चाकें हलकीं होतात. त्यांस पूर्ण दाब दिला तर तीं आधीं जाम होतात व गाडीची पाठ पुढें येऊं पाहते. प्रत्येकास त्याच्यावरील भाराप्रमाणें काम द्यावें, हा नियम यंत्रासहि लागूं आहे.

शेवटीं नळ्यांतील हवा काढली. द्रव दबत नाहीं, हवा दबते. म्हणून नळींत बुडबुडा राहिला तर पेडल मऊ लागतें व जोर वाटेंतच मुरतो. पुढें चाकांचे कोन यंत्रावर जुळविले. वळणाचा अक्ष वरच्या टोकास किंचित् मागें कललेला ठेवला, कीं सायकलीच्या पुढच्या चाकाप्रमाणें हें चाकहि वळणानंतर आपण होऊन सरळ व्हावें. मग रिकाम्या पटांगणांत प्रथम वीस, मग तीस, मग चाळीस मैलांवरून थांबवून पाहिलें. शंभर मैलांनंतर सर्व बोल्ट पुनः आवळले. त्यानंतरच गाडी घाटांत गेली, प्रथम बापाच्या हातांत व मग मुलीच्या.

महिन्याभरानें एके दिवशीं जेवतांना नात म्हणाली कीं, उतारावर वळणाच्या तोंडीं पुढची मोटार एकाएकीं थांबली, हिनेंहि पेडल दाबलें, व गाडी आपल्या रांगेंत सरळ थांबली. एवढें बोलून तिनें कोशिंबीर मागितली. आम्ही पुतण्याकडे पाहिलें. त्याचा घांस हातांतच राहिला होता. सूनबाईंनीं कोशिंबीर वाढली. पुढच्या आठवड्यांत त्या स्वतः लेकीच्या शेजारीं बसून सांता क्रूझला जाऊन आल्या, आणि पुनः कोणी त्या गाडीस खटारा म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं.

त्या नव्या आंसाकडे पाहतां पाहतां आमच्या मनांत आपल्या एकत्र कुटुंबांचा विचार आल्यावांचून राहिला नाहीं. जुन्या घरांत एकाच्या खड्ड्यानें सगळेच कलत. त्यालाच आपण एकोपा म्हणत असूं. मंद रस्त्यावर तो शोभला. आतां मुलें वेगवेगळ्या वेगांनीं जातात, आणि प्रत्येक धक्का सगळ्यांस पोंचविणारा आंस त्यांस पेलत नाहीं. म्हणून तीं चाकें सुटीं करावींत काय? सुटें चाक गटारांत जातें. नव्या रचनेंत प्रत्येक चाक आपला खड्डा आपण सोसतें. पण दोन्हीं एकाच तुळईस बांधलेलीं असतात, व ती तुळई पूर्वींपेक्षां अधिक जाड घ्यावी लागते. ज्या घरांनीं मोकळीक दिली पण तुळई बारीक ठेवली, तीं घरें आम्हीं मोडलेलीं पाहिलीं आहेत. ज्यांनीं दोन्ही केलें तीं टिकलेलीं पाहिलीं आहेत.

वाचकांपैकीं कोणाच्या दारीं जुनी जीप किंवा टेंपो असेल, तर त्यांस एक सूचना करणें अवश्य आहे. वर सांगितलेला प्रकार अमेरिकेंतील आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें तसाच निर्णय दिला. म्हणून परिवहन कार्यालयांत विचारल्याशिवाय आंस बदलण्याच्या भरीस पडूं नये. परंतु जें आहे तें निकोप राखण्यास कोणताहि कायदा आड येत नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें व त्यामुळें कमी तापमानास उकळूं लागतें. तें दोन वर्षांनीं बदलावें. रबरी नळ्यांस भेगा आहेत का तें पाहावें. किंगपिनांस वंगण द्यावें. आणि घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरांत ठेवावी, म्हणजे ब्रेकांचा बराच ताप इंजिनच घेतें.

कठोपनिषदांत शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम व बुद्धीस सारथि म्हटलें आहे. शिकवितांना हें रूपक आम्हीं किती वेळां उलगडून सांगितलें असेल! पण त्यांत लगाम आहे, चाबूक नाहीं, ही गोष्ट त्या मोटारखान्यांत बसल्यावर प्रथम डोळ्यांत भरली. घोडे धांवणारच, त्यांस धांवावयास शिकवावें लागत नाहीं. प्रवास पुरा व्हावयाचा तर सोय करावयाची ती आवरण्याची. पुतण्याचें नवें इंजिन अद्यापि आलेलें नाहीं. जुनें इंजिन चढावर थोडें दमतें, मागून येणारे कधीं भोंगा वाजवितात, आणि नात त्यांस डावीकडून पुढें जाऊं देते.

जीर्णोद्धारांत कोणता दगड बदलावा, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस असें दिसतें. जेथें जुनी वस्तु नव्या जगास स्पर्श करते, जेथें तिचीं चाकें आजच्या रस्त्यास लागतात व जेथें दुसऱ्यासाठीं थांबावें लागतें, तेवढी जागा आधीं पाहावी, व बदलाचा खर्च प्रथम तेथें करावा. बाकीचें राहूं द्यावें. त्या गाडीचा रंग तोच आहे, दारें तींच आहेत, हौद्यांतली लांकडी फळी तीच आहे, आणि जुना आंस तेल लावून, फडक्यांत गुंडाळून मोटारखान्याच्या भिंतीशीं जपून ठेवलेला आहे.